विरुद्ध बाजूच्या घरी जेवून या

सीमाभागातल्या आमच्या शहापुरात कुणाच्या लग्नाला गेले आणि निवडणूक जवळ आलेली असली, की पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहत नाही. पहिला भात संपायच्या आत कुणीतरी कानाशी लागतंच. "मॅडम, यंदा कोण येतंय वो?" मी म्हणते, "ज्याला तुम्ही मत द्याल तो." मग विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. जन्मभर राज्यशास्त्र शिकवून बाईला एवढंही सांगता येत नाही, म्हणजे सरकारनं पगार फुकटच दिला, असं त्याला वाटत असणार. ज्योतिषाचं बरं असतं. चुकला तर ग्रहांवर ढकलून मोकळा होतो.

आमच्या घरी माग होते. मी एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलं तेव्हा आई कांड्या भरत बसली होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "राजे तर सगळे गेले की गं. आता कशाचं शास्त्र शिकतीस?" त्याचं उत्तर पुढं शिकवायला लागल्यावर कधीतरी सुचलं. तिला म्हटलं, "आई, डोकी न फोडता भांडायचं कसं, त्याचं शास्त्र." ती म्हणाली, "मग सासरला जायच्या आधी सगळ्याच पोरींना शिकवा की." आईच्या या सूचनेवर आमच्या अभ्यास मंडळानं कधी विचार केला नाही, ही गोष्ट वेगळी.

विद्यापीठात हा विषय घ्यायला मुलं नाना कारणांनी येतात. कुणाला दुसरीकडं जागा मिळालेली नसते, कुणाला स्पर्धा परीक्षा द्यायची असते. एकानं पहिल्याच दिवशी उभं राहून सांगितलं, "मला आमदार व्हायचंय. त्याला हजेरी किती लागते?" अशा मुलांना सार्वभौमत्व शिकवायचं म्हणजे मी आधी विचारायची, "घरात शेवटचा शब्द कुणाचा?" सगळा वर्ग म्हणायचा, बाबांचा. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "शब्द बाबांचाच असतो मॅडम, पण तो काय असायचा ते आई ठरवते." राजा नावाला आणि कारभार संसदेचा, हा प्रकार समजवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही.

आमच्या वर्गाची भाषा म्हणजे मिसळ. फळ्यावर इंग्रजी, समजावणं कन्नडमध्ये आणि तास संपल्यावर जिन्यात उभं राहून शंका विचारायच्या त्या मराठीत. निपाणी, खानापूर भागातली मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकून यायची आणि पहिले दोन महिने बावरलेली असायची. बैलहोंगलकडची मुलं कन्नडमधून भराभर उत्तरं द्यायची आणि इंग्रजी आलं की तीही गप्प. मी सगळ्यांनाच सांगायची, "एकमेकांच्या वह्या बघा. इथं कुणीच पूर्ण शहाणा नाही, मीसुद्धा."

आता माझ्या एका खुळाबद्दल सांगते. विभागातले सहकारी त्याला खूळच म्हणत. दर वर्षी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा मी वर्गात वादविवाद घ्यायची आणि त्यात ज्याला जे पटतं त्याच्या उलट बाजू मांडायला लावायची. ही पद्धत काही माझी नव्हे, बऱ्याच ठिकाणी असते. मी तिला एक पुरवणी जोडली होती. उलट बाजू पुस्तकातून पाठ करायची नाही. ज्यांचं ते मत आहे अशा घरी जायचं, त्यांच्या पंगतीला बसून जेवायचं, आणि मग त्यांना विचारायचं, तुम्हाला असं का वाटतं? उपाशी माणसाला दुसऱ्याचं म्हणणं ऐकू येत नाही आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याची नक्कल करून टिंगल करवत नाही, एवढाच माझा हिशेब होता.

पहिल्यांदा हे केलं ते शेती आणि कारखाने या विषयावर. ज्याच्या घरची जमीन गेली होती असा एक मुलगा आणि ज्याचे वडील मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला होते असा दुसरा, दोघांना एकमेकांच्या घरी पाठवलं. परत आल्यावर दोघांचाही आवाज निम्म्यानं उतरला होता आणि दोघंही दुप्पट चांगले बोलले. एक पठ्ठ्या मात्र असा निघाला की त्यानं बाजू काही ठरवली नाही आणि वर्गातल्या बहुतेकांच्या घरी जेवून आला. तो आज त्याच्या गावात ग्रामपंचायतीवर आहे आणि त्याला विरोधक नाही.

एक विषय मात्र मी कधी घेतला नव्हता. आमच्या खिडकीतून दिसणारा. सीमाभाग कुणाचा, हा. वर्षातून दोन-चारदा या प्रश्नापायी बस बंद पडतात, पाट्यांना काळं लागतं, विद्यापीठाला सुट्टी द्यावी लागते. मी पाण्याचा विषय घेई, दारूबंदीचा घेई, एक देश एक निवडणूक घेई, आणि या एका विषयाला वळसा घालून जाई. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती त्या साली मुलांनीच धरलं. त्यातही अक्षता पुढं.

अक्षता निपाणीजवळच्या बोरगावची. अंगानं किरकोळ, पण वाद घालायला लागली की वर्गातला पंखा थांबलाय असं वाटायचं. बी.ए. झाल्याबरोबर तिच्या वडिलांनी स्थळ पाहिलं होतं. तिचे आजोबा, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, त्यांनी ते थांबवलं. "पोरगी शिकणार," एवढंच म्हणाले आणि त्या घरात अण्णांच्या पुढं कुणी बोलत नसे. वडिलांनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं की अण्णांनी एकदा नकाराची मान हलवली की त्या दिवशी शिक्षण बंद. म्हणजे तिचं एम.ए. एका म्हाताऱ्याच्या मानेवर उभं होतं. हे तिनं मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, हसत हसत, पण हसणं काही डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

आणि हे अण्णा म्हणजे सीमेच्या आंदोलनात तरुणपणी जेलात जाऊन आलेले. सुटून आल्यापासून त्यांनी कन्नडचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता. भाषा येत होती, चांगली येत होती, पण बाजारात कन्नड माणसाकडून वांगी घ्यायची तर बोटानं दाखवायची आणि बोटांनीच भाव करायचा. घरचे म्हणत, अण्णांची बोटं कन्नड बोलतात.

मी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, उलट बाजू द्यायची हा माझा नियमच होता. अक्षताच्या वाट्याला कर्नाटकची बाजू आली, कन्नडमधून मांडायची. बसवराज म्हणून बैलहोंगलकडचा एक मुलगा होता, शांत आणि जरा जास्तच सरळ. त्याच्याकडं महाराष्ट्राची बाजू, मराठीतून. त्याचे अज्जा, म्हणजे आजोबा, कन्नड शाळेत मास्तर होते. त्यांच्या घरी अक्षतानं जेवायचं आणि बसवराजनं अण्णांच्या.

अक्षता आधी जाऊन आली. मास्तर अज्जांनी तिला दुपारभर समोर बसवून समजावलं. जोंधळ्याची भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी असं जेवण झालं आणि निघताना अज्जींनी तिची ओटी भरली, खणासकट. ती खुशीत परतली. घरी खण बघून अण्णांनी विचारलं, "कुणी भरली गं ओटी?" ही म्हणाली, "मैत्रिणीच्या आज्जीनं." उलट बाजू मांडायची आहे हे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. बसवराजलाही बजावून ठेवायचं तिच्या डोक्यात आलं नाही.

मग बसवराज बोरगावला गेला. अण्णांनी त्याला अगदी जावयासारखं बसवलं. कन्नड पोरगा आपली बाजू शिकायला एवढ्या लांब आलाय याचं त्यांना अप्रूप वाटलं. स्वतः वाढलं, तांबडा रस्सा जास्तीचा घेतला का बघितलं, जेलातल्या गोष्टी सांगितल्या. आणि मग या सरळ पोरानं समाधानानं हात वाळवत सांगितलं, "अज्जा, मी तुमचा बाजू बोलतो, अक्षता आमचा बाजू बोलते. बरोबर झालं की न्हाय?"

अण्णांनी पाहुण्याच्या ताटात भात वाढला, तूप वाढलं, त्याला पोटभर जेवू घातलं आणि बस स्टँडवर सोडायला नातवाला धाडलं. स्वतः मात्र जेवले नाहीत. संध्याकाळी अक्षताचा फोन आला तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "मॅडम, अण्णांनी ताट झाकून ठिवाय सांगितलं. माझ्याशी बोलंनात झालेत. बाबा म्हणाल्यात, आता बस झालं शिक्षण."

मी म्हटलं, मी येऊन बोलते. ती म्हणाली, "नको. अण्णा स्वतःच येणार हाईत. ऐकाय."

त्या आठवड्यात मला धड झोप नव्हती. वाटायचं, आपल्या एका खुळापायी या मुलीचं शिक्षण जातंय. विषय बदलू का, असंही तिला विचारलं. ती म्हणाली, "बदलला तर अण्णांना वाटंल मी भ्याले." मग म्हणाली, "भ्यालेच हाय मॅडम, पण त्येंना कळाय नको."

वादविवादाच्या दिवशी अण्णा पहिल्या बसनं आले. पांढरा फेटा, धोतर, हातात फडक्यात बांधलेला डबा. वर्गात मागच्या बाजूला त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. मी नमस्कार केला. "बसा अण्णा." ते म्हणाले, "तुम्हीच व्हय मॅडम." त्यात राग होता का काय होतं ते मला कळलं नाही. शिकवण्याच्या धंद्यात माणसांचे चेहरे वाचता येतात असा माझा एक समज होता, तो तिथं संपला.

अक्षता उठली. कन्नडमध्ये बोलायला लागली आणि मी मान खाली घातली. ही पोरगी असं बोलू शकते हे मला माहीतच नव्हतं, इतकं वाईट. प्रत्येक वाक्याला 'असं त्यांचं म्हणणं आहे', 'असं काही लोकांना वाटतं'. मास्तर अज्जांनी दुपारभर समजावलेलं ती दोन बोटांच्या चिमटीत धरून लांबूनच दाखवत होती. नजर सारखी मागच्या खुर्चीकडं. बसवराजचा चेहरा उतरला. आपल्या घरी जेवून गेलेली मुलगी आपल्या अज्जांचं म्हणणं असं सांडतेय, हे त्याला सोसवत नव्हतं.

"मॅडम, एक मिनिट," मागून आवाज आला. अण्णा उभे राहिले होते.

मी मनात म्हटलं, झालं.

"आक्का," अण्णा नातीला म्हणाले, "हे काय बोलाय लागलीस? त्येंचं म्हणणं एवढं पांचट असतं, तर आमी जेलात कशाला गेलतो? चार दिसांत मिटलं असतं की. ज्येच्यासंगं मी सारा जन्म भांडलो, त्यो असा मुळमुळीत न्हवता. लई तालेवार गडी होता त्यो. त्येला तू असा बारका केलीस, म्हंजी मलाबी बारकाच केलीस न्हवं? खाली बस. पाणी पी. आनि पयल्यापासनं मांड."

अक्षता रडायच्या बेतात होती. "अण्णा, तुमी समोर असताना मला..."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून, आमच्या सगळ्यांकडं पाठ करून बसले. "आता मी न्हाय. बोल."

माझी नोकरीतली सगळी वर्षं एका पारड्यात आणि ती उलटी फिरवलेली खुर्ची दुसऱ्या पारड्यात घातली, तर खुर्चीचं पारडं खाली जाईल. सहिष्णुता या शब्दावर मी कितीतरी तास घेतले. तिचं चित्र काढायला कुणी सांगितलं असतं तर मला आलं नसतं. त्या दिवशी ते माझ्या वर्गात फेटा बांधून बसलं होतं.

अक्षता पाणी प्याली आणि बोलली. 'त्यांचं म्हणणं' कुठल्या कुठं गेलं, 'आम्ही' आलं. ज्या मातीत आमची पिढ्यान्‌पिढ्याची घरं आहेत, जिथं माझ्या आजोबांनी शाळेत पोरं घडवली, तिथं मी पाहुणी कशी, असं तिनं विचारलं तेव्हा बसवराज डोळे पुसत होता. ती बसली तेव्हा टाळ्या वाजवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग बसवराज. त्याचं मराठी म्हणजे लिंगं आणि वचनं सगळी स्वतंत्र, ज्याला जिकडं वाटेल तिकडं जाणारी. पण अण्णांनी सांगितलेलं एक अक्षर त्यानं वाया जाऊ दिलं नाही. आपल्याच गावात, आपल्याच कचेरीत जाऊन आपलं काम दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागतं, तेव्हा माणूस लहान पोर होतो, असं तो म्हणाला. अण्णांचा फेटा थोडा हलला. तेवढाच.

संपल्यावरही ते वळेनात. शेवटी मीच जवळ गेले. डोळे ओले होते आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटली नव्हती. "माजी बाजू ह्या पोरानं लई बेस मांडली," ते म्हणाले. "पन आक्कानं त्येच्यापेक्षा बेस मांडली. हरलो की वो मॅडम. घरच्याच मानसानं हरवलं." आणि हसले. हरलेला माणूस इतका खूश मी निवडणुकीच्या इतिहासात पाहिलेला नाही.

मी संधी साधली. "अण्णा, मग तिचं शिक्षण?"

"त्येला काय झालंय?"

"तिचे वडील म्हणतात..."

"त्येला कोन इचारतंय? शिकंल की. म्होरं काय असतंय?"

"पीएच.डी."

"मग ते करंल." एवढ्यावर निकाल लागला. अक्षता बाकाला धरून उभी होती, ती खालीच बसली.

अण्णा मात्र तिच्याकडं बघत नव्हते. ते बसवराजकडं बघत होते. तो आपल्या वह्या गोळा करून निघायच्या तयारीत होता. अण्णांनी हातातल्या डब्याची गाठ सोडायला घेतली आणि त्याला हाक मारली.

"ऊट आतेन?"

जेवलास का. बैलहोंगलपासून निपाणीपर्यंत कुठल्याही उंबऱ्यावर ऐकू येणारा साधा प्रश्न. अक्षतानं झटकन माझा हात धरला. तिनं जन्मात पहिल्यांदा अण्णांच्या तोंडून कन्नड ऐकलं होतं. बसवराजला त्याची काही कल्पना नव्हती. तो सहज म्हणाला, "इल्ल अज्जा," म्हणजे अजून नाही, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. भाकरीचे तुकडे करताना अण्णा म्हणाले, "त्या दिवशी तू जेवलास आनि मी न्हाई जेवलो. ते ऱ्हायलंय."

एवढी वर्षं मनात धरलेली गोष्ट त्या क्षणी का सुटली, हे त्यांना विचारावं असं फार वाटलं. विचारलं नाही. आता अण्णा नाहीत, आणि ते राहूनच गेलं याची मला हळहळ वाटते. पुढं सत्रपद्धती आणखी घट्ट झाली, गुण कशाचे आणि का याचे खुलासे द्यावे लागू लागले, आणि पोरांना दुसऱ्याच्या घरी जेवायला पाठवण्याला वेळापत्रकात जागा उरली नाही. माझ्यानंतर ते कुणी चालवलं नाही. कुणाला दोष देत नाही, जेवायला घालायला घरंही तशी लागतात.

डबा संपल्यावर अण्णांनी हात धुतला आणि बसवराजला सांगितलं, "तुज्या अज्जाला निरोप दे. म्हनावं, आमची नात आमच्या वतीनं जेवून गेली, आता म्हातारा सोता येतोय."

आणि ते खरंच मास्तर अज्जांच्या घरी जेवायला गेले. मी तिथं नव्हते, पण अक्षता बरोबर होती. दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर सगळं सांगितलं. जेवण झालं, पानं झाली आणि दोघं म्हातारे दुपारपासून दिवे लागेपर्यंत भांडले. अण्णा कन्नडमधून आणि मास्तर अज्जा मराठीतून, समोरच्याचा एकही शब्द चुकायला नको म्हणून. अज्जींनी तीनदा चहा केला. तिन्ही वेळा तो गार झाला.

मी विचारलं, "मग? कोण मागं सरलं?"

"कुनीच न्हाई मॅडम," अक्षता म्हणाली. "एक पाऊलबी न्हाई. अज्जा आता पुढच्या म्हैन्यात आमच्याकडं येणार हाईत. अण्णांनी आईला सकाळीच सांगून ठेवलंय, जेवण जरा निगुतीनं कर. लई भांडण उरलंय म्हणं."